शिवारफेरी : सहलही आणि सौदाही

पाऊस सरला, ऑक्टोबरची उन्हे उतरू लागली की भडगाव परिसरात शिवारफेरीचे दिवस सुरू होतात. कपाशीची वेचणी चालू असते. जुम्म्याची नमाज आटोपून किंवा सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन कुणा ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात जावे आणि तिथेच भरिताचा बेत करावा, ही खान्देशची जुनी रीत. तिला जातधर्माचा अडसर कधी आला नाही.

भरिताला वांगे लागते ते हिरवट-पांढऱ्या रंगाचे, मोठे आणि भरपूर गराचे. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ते भाजायचे, लाकडी बडगीत ठेचायचे. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे. जोडीला कळण्याची भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, मग कुणी काहीही म्हणो!

या एका पंगतीमागे किती जणांची रोजी आहे पाहा. वांगी विकणारा बागवान, बडगी कोरणारा सुतार, पातेल्यांना कल्हई करणारा कारागीर. 'जळगाव भरीत वांगी' आणि 'जळगाव केळी' यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे या नावालाही आता बाजारात किंमत आहे. मात्र दुसरीकडचे वांगे त्या नावाने खपवणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक. ती हलाल कमाईत बसत नाही आणि कायद्यातही बसत नाही.

पण आमच्या व्यापारी बांधवांनी या दिवसांत शिवारात जावे याचे मोठे कारण लिंबू. लिंबाला वर्षात तीन बहार. जून-जुलैत फुललेल्या मृग बहाराची फळे या दिवसांत तोडणीला येतात; त्याच वेळी हस्त बहाराचा फुलोरा धरलेला असतो. त्याचे फळ एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यात येते आणि लिंबाला खरा भाव तेव्हाच असतो. म्हणून फुलोरा पाहूनच बाग मक्त्याने घेण्याची घाई होते. बयाणा दिला जातो. पुढे अवकाळी पाऊस झाला, फूल गळाले, की व्यापारी बुडतो. फळ भरघोस आले तर शेतकऱ्याला ठकल्यासारखे वाटते. दोन्हीकडून तंटा ठरलेला.

फळ तयारीला लागल्याची चिन्हे दिसण्याआधी त्याचा सौदा करू नये, अशी हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची स्पष्ट ताकीद हदीसमध्ये आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या मदिनेतील खजुरांच्या बागांतही भांडणे याच कारणाने होत होती. आगाऊ रक्कम द्यायचीच असेल तर शरियतमध्ये 'सलम'चा मार्ग आहे : पूर्ण किंमत आधी द्यायची, मालाची जात, वजन, पोचवण्याचा दिवस आणि जागा ठरवून घ्यायची. तो सौदा ठरलेल्या मालाचा असतो, अमक्याच बागेच्या फळाचा नव्हे. त्यामुळे एक बाग गळाली म्हणून व्यवहार मोडत नाही. बारकावे आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत आणि करार कागदावर लिहून, साक्षीदारांसमोर करावा. कुराणातील सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे.

तूर्त बाग पाहून यावी, ओळख वाढवावी, मृगाचे तयार लिंबू रोखीने उचलावे. हस्तासाठी डिसेंबरात पुन्हा एक फेरी मारावी. तोवर फळ धरलेले असते, गळ किती झाली ते डोळ्यांना दिसते. आणि भरिताची वांगीही थंडीतच खरी चवीला येतात.