परदेशांतील पहिलें सत्र

भाद्रपद महिना आला कीं हल्लीं पुष्कळ घरांतून गौरीगणपतीच्या गडबडीबरोबरच आणखी एक गडबड चालू असते. माजघरांत एक भली मोठी बॅग उघडून ठेवलेली असते, शेजारीं वजनाचा कांटा असतो, आणि मेतकूट, गोडा मसाला, भाजणी व लिंबाचें लोणचें यांपैकीं काय जावें व काय राहावें यावर सर्व वडील मंडळींचें मत घेतलें जातें. जर्मनींतील विद्यापीठांचें हिवाळी सत्र कागदोपत्रीं १ ऑक्टोबरला सुरू होतें. त्यामुळें निघण्याचा दिवस पुष्कळ वेळां नेमका पितृपंधरवड्यांत येतो. आजी नाराज होते, पण तिकीट कांहीं बदलत नाहीं.

एकदां विमान सुटलें, कीं घराला वाटतें मोठें काम पार पडलें. प्रवेश मिळाला, कर्ज मंजूर झालें, व्हिसा हातीं आला. आतां राहिला तो अभ्यास, आणि अभ्यासाची तर मुलाला लहानपणापासून संवय आहे! हा समज चुकीचा आहे असें आम्हांला अनुभवानें कळलें. आमचा एक पुतण्या २०२३ सालीं एंजिनिअरिंगच्या वरच्या पदवीसाठीं जर्मनीस गेला. त्याच्या निमित्तानें जें पाहावयास मिळालें, तें ज्यांच्या घरांत सध्यां बॅग भरली जात आहे त्यांच्या कानावर घालावें असें वाटतें.

प्रथम पैशाविषयीं. मुलाचा वर्षभराचा खर्च चालेल याची आगाऊ खात्री तेथील सरकारला लागते, म्हणून एका बंद खात्यांत रक्कम ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून हा आंकडा वर्षाला ११,९०४ यूरो ठरला. पैसे आपले, परंतु त्यांतून दरमहा ९९२ यूरोच हातीं येतात. घरांत हा हिशेब सर्वांना पाठ असतो. पण पहिला हप्ता तेथें पोहोंचल्यावर कांहीं कागद पुरे झाल्याशिवाय सुटत नाहीं, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. खोलीची अनामत तर त्याआधींच द्यावी लागते. तिकडे भाडें दोन प्रकारचें सांगतात, ‘थंड’ आणि ‘उबदार’. थंड म्हणजे नुसत्या जागेचें. उबदार म्हणजे खोली गरम ठेवण्याचा व पाण्याचा वगैरे खर्च धरून. अनामत थंड भाड्याच्या तिपटीपर्यंत घेण्यास कायद्यानें मुभा आहे. तेव्हां पहिल्या दोन महिन्यांची तजवीज निराळी हवी. खोली पाहण्यापूर्वींच कोणी अनामत मागूं लागला, तर तो ठक समजावा.

खोली मिळाली कीं कागदांचा फेरा सुरू होतो. राहावयास आल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते; तिला तेथें ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. नोंदीसाठीं घरमालकाच्या सहीचा कागद पाहिजे. बँक पुष्कळदां त्या नोंदीचा दाखला मागते. आणि बंद खात्यांतील हप्ता यावयाचा तर बँकेंत खातें पाहिजे. राहण्याच्या परवान्याला पुन्हां हे सर्व पुरावे, शिवाय विमा. मित्राच्या खोलींत तात्पुरता उतरलेला मुलगा घरमालकाच्या सहीपाशींच अडतो, आणि मग पुढचें सारेंच अडतें. पुतण्याचे पहिले पांच आठवडे यांतच गेले. नोंद झाल्यावर जें पत्र आलें तें त्यानें जाहिरात समजून केरांत टाकलें. तें नभोवाणीच्या वर्गणीचें होतें! घरांत रेडिओ असो वा नसो, दर बिऱ्हाडामागें ती द्यावीच लागते. ऑगस्ट २०२१ मध्यें ती महिना १८.३६ यूरो ठरली. एका बिऱ्हाडाला एकच वर्गणी असल्यामुळें एकत्र राहणाऱ्या मुलांनीं ती वांटून घेतलेली बरी. तात्पर्य, तेथून येणारें कोणतेंहि पत्र न वाचतां टाकूं नये.

थंडी, अंधार व जेवण यांची काळजी घरें फार करतात. डिसेंबरांत चार-साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो हें खरें. पण डाळ-तांदूळ मिळतात, कुकर सोबत असतो, आणि रविवारीं दुकानें बंद असतात हें एक-दोनदां उपाशी राहिल्यावर कोणीहि शिकतो.

शिकण्याची रीत मात्र खरी अवघड जाते. वेळापत्रकांत दहा वाजतां लिहिलेलें व्याख्यान पुष्कळ ठिकाणीं सव्वादहाला सुरू होतें, व ही पंधरा मिनिटें म्हणजे विद्यापीठाचा जुना रिवाज आहे. एवढी सवलत पाहून आमच्याकडील मुलांना बरें वाटतें. पुष्कळ विषयांत हजेरी नाहीं, चाचण्या नाहींत, ‘वही दाखव’ म्हणणारें कोणी नाहीं. परंतु शेवटीं एकच परीक्षा असते, तिच्यासाठीं मुदतींत वेगळी नोंदणी करावी लागते, आणि बहुतेक ठिकाणीं एका विषयाला तीनच संधि मिळतात. तिसऱ्यांदां नापास झालेल्यास तो अभ्यासक्रम सोडावा लागतो. राहण्याचा परवाना शिक्षणाशीं जोडलेला असल्यामुळें मग पायांखालची जमीनच सरकते. गुणांची तऱ्हाहि उलटी. १.० सर्वांत उत्तम, ४.० म्हणजे कसाबसा पास, आणि ५.० म्हणजे नापास.

या उलट्या गुणांचा पुतण्यानें गैरफायदा घेतला असें आम्ही म्हणणार नाहीं. पण फेब्रुवारी २०२४ मध्यें त्याला दोन विषयांत ५.० मिळाले, तेव्हां घरीं त्यानें एवढेंच सांगितलें कीं ‘पांच आले’. घरानें तें चांगलेंच मानलें. आजीनें देवापुढें साखर ठेवली.

पुढें सहा महिने तो रोज फोनवर दिसत होता. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजत, तेव्हां हिवाळ्यांत त्याच्याकडे संध्याकाळचे पांच असत. जेवलास का, थंडी आहे का, दूध घेतोस ना, असे प्रश्न होत. तो हो म्हणे. खोलींतला दिवा तो लावीत नाहीं, केवळ चेहरा दिसेल असा फोन धरतो, हें कोणीं पाहिलें नाहीं. कर्जाला दादा, म्हणजे आमचे थोरले बंधु, जामीन राहिले होते, आणि पगाराचे किती भाग हप्त्यांत जातील याची चर्चा त्याच फोनशेजारीं चाले. दोनांपैकीं एक विषय तो दुसऱ्या खेपेस सुटला. दुसऱ्यांत पुन्हां ५.० आले. आतां एकच संधि उरली होती.

१९२८ सालीं इरावतीबाई कर्वे संशोधनासाठीं बर्लिनला गेल्या, तेव्हां त्यांच्या सासऱ्यांना, म्हणजे धोंडो केशव कर्वे यांना, तें पसंत नव्हतें. पति दिनकरराव मात्र पाठीशीं उभे होते. त्या काळीं पत्र बोटीनें जाई. प्रश्न आणि उत्तर यांमध्यें कित्येक आठवडे लोटत, आणि तेवढ्यांत माणसाला रडून घेऊन, सांवरून, मग लिहावयास सवड मिळे. हल्लींच्या रोजच्या फोनांत ती सवड नाहीं. मूल रोज डोळ्यांपुढें असतें, म्हणून घर निश्चिंत राहतें. आणि रोज घराला तोंड दाखवावयाचें असतें, म्हणून मूल तोंड नीट करून बसतें. आमच्या घरांत तरी असेंच झालें.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तिकडे घड्याळें एक तास मागें घेतात, व आपल्यांतलें अंतर साडेतीन तासांवरून साडेचार होतें. त्या रविवारीं त्याचा फोन वेळेवर आला नाहीं. आजीला चैन पडेना. मग फोन आला तो दादांना नव्हे, काकूला. आणि त्यानें सगळें सांगून टाकलें. काकूनें अर्धा तास कांहींच विचारलें नाहीं. मग ती दादांच्या खोलींत गेली व दार लावून घेतलें.

दादा रागीट आहेत. पण त्या रात्रीं त्यांनीं फोन करून एवढेंच विचारलें, “परीक्षा कोणत्या तारखेला आहे? आणि तिथें कोणाला विचारलंस?” कोणालाच विचारलेलें नव्हतें. विद्यार्थ्यांच्या मनाची विचारपूस करणारे सल्लागार तेथें विनामूल्य भेटतात, परदेशी विद्यार्थ्यांची निराळी कचेरी आहे, विभागांतील विद्यार्थिमंडळाकडे जुन्या प्रश्नपत्रिका असतात. हें सर्व त्याच्या खोलीपासून हांकेच्या अंतरावर होतें. विचारणें म्हणजे कमीपणा, हें त्यानें आमच्याकडूनच उचललें असावें. दादांनीं घरांत सांगून ठेवलें कीं फोन रविवारींच करावयाचा, आणि गुण कोणीं विचारावयाचे नाहींत. आजीनें पहिल्याच बुधवारीं हा नियम मोडला. परंतु तिनें विचारलें तें कुकरच्या शिट्टीविषयीं.

पुढच्या फेब्रुवारींत तिसरी परीक्षा झाली. निकाल ३.३. दादांनीं हा आंकडा दोनदां ऐकला, कागदावर लिहिला, आणि पास म्हणजे चारच्या आंत ना, हें पुन्हां विचारून घेतलें. मग ते आजीला सांगावयास माजघरांत गेले. तिनें विचारलें, “मागं पांच होते ना? मग कमी कसे झाले?”