वेल, तार आणि उजेड : महाराष्ट्रातील द्राक्षमांडवाचा मागोवा

वेलवर्गीय वनस्पतीला स्वतःचा भार पेलणारे जाड खोड घडवण्याची गरज नसते. ती तणाव्यांनी, म्हणजे आधाराला वेटोळे घालणाऱ्या बारीक दोऱ्यांसारख्या अवयवांनी, शेजारच्या झाडाला धरते आणि वाचलेली शक्ती उजेडाकडे धावण्यात खर्च करते. रानात तिला आधार देणारे झाड असते. शेतात तो आधार शेतकरी उभारतो, आणि वेल कोठे जावी, किती वाढावी व कोठे थांबावी हे तोच ठरवतो. या कामाला बागायतदार ‘वळण देणे’ म्हणतात. महाराष्ट्रातील द्राक्षवेलीला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दिलेल्या वळणाचा मागोवा घेतला, तर आधाराचे साहित्य बदलत गेले, त्याचा खर्च वाढत गेला, परंतु बागेचे यश मात्र पानापर्यंत आणि डोळ्यापर्यंत किती उजेड पोहोचतो या एकाच गोष्टीवर अवलंबून राहिले, असे दिसते.

दख्खनमध्ये द्राक्षाची लागवड जुनी आहे. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादेच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची, तसेच त्यांना वर्षातून दोनदा येणाऱ्या फळांची नोंद केली आहे. नाशिक भागात तारेचा मांडव येण्यापूर्वी द्राक्षवेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवली जात असे. पांगाऱ्याची फांदी जमिनीत रोवली की सहज मूळ धरते, तिच्यासाठी पैसा मोजावा लागत नाही आणि ती मेढीप्रमाणे कुजून पडत नाही, हे या पद्धतीचे बळ होते. विड्याच्या पानमळ्यात आजही हेच तत्त्व चालते: शेवरी, हादगा, शेवगा किंवा पांगारा यांवर पानवेल चढते, आणि ती फार उंच गेली की तिची ‘उतरण’ केली जाते, म्हणजे वेल खाली घेऊन तिचा खालचा भाग मातीत पुरला जातो. पानवेलीला सावली मानवते, म्हणून तिला जिवंत आधार सोयीचा ठरतो. द्राक्षाची गरज वेगळी आहे. आधाराचे झाड वेलीच्या वाट्याचे पाणी, खत आणि ऊन घेते, आणि उभ्या खुंटाभोवती गुंडाळलेल्या वेलीची आतली पाने अंधारात राहतात. त्यामुळे वेल जगत असली तरी घडांची संख्या मर्यादित राहते.

या मर्यादेमागचे शास्त्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उलगडले. फांदीच्या टोकावरील शेंडा बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. या गुणधर्माला शेंड्याचे वर्चस्व म्हणतात. फ्रिट्स वेंट याने 1928 मध्ये ऑक्झिन या वाढद्रव्यावरील आपले काम प्रसिद्ध केले आणि 1933 मध्ये केनेथ थिमन व फोल्के स्कूग यांनी शेंड्यातून खाली उतरणारे हे द्रव्य बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते असे दाखवून दिले. शेंडा खुडला किंवा काडी उभी न ठेवता आडवी बांधली, तर हे वर्चस्व सैल होते आणि काडीवरील अनेक डोळे जवळजवळ सारख्याच जोराने फुटतात. वेलीला आडव्या तारेवर नेणाऱ्या बागायतदारांना हा परिणाम या संशोधनाच्या पुष्कळ आधीपासून अनुभवाने ठाऊक होता. शास्त्राने त्याला कारण दिले आणि त्यामुळे पुढच्या सुधारणांना दिशा मिळाली.

महाराष्ट्रात रूढ झालेला तारेचा मांडव हा या ज्ञानाचा सर्वांत विस्तृत आविष्कार होय. दगडी खांब किंवा लोखंडी अँगल ओळीने रोवून, कडेच्या खांबांना बाहेरून ताण देऊन, जमिनीपासून सुमारे सात फुटांवर जस्ताचा मुलामा दिलेल्या तारांची चौकटीची जाळी ताणली जाते. परिघावर जाड तार, आत क्रमाने बारीक तार आणि तारांमध्ये साधारण दीड ते दोन फुटांचे अंतर, अशी तिची रचना असते. कोवळी वेल बांबू आणि सुतळीच्या आधाराने जाळीपर्यंत पोहोचली की तिचा शेंडा मारतात. मग फुटलेल्या फांद्यांपैकी निवडक फांद्या तारेवर आडव्या नेऊन त्यांचे ‘ओलांडे’, म्हणजे कायमचे आडवे हात, तयार करतात. ओलांड्यांवर दरवर्षी नव्या काड्या येतात आणि त्यांतील फळ देणारी ती ‘मालकाडी’. वेलीचा जोम पसरायला पुरेशी जागा, छताखाली लोंबणाऱ्या घडांना उन्हापासून संरक्षण आणि खालून फवारणी व विरळणी करण्याची सोय, या तीन कारणांनी मांडव दख्खनच्या उष्ण हवेत रुजला. खर्च मात्र मोठा होता, आणि तोही बागेतून एक रुपया हाती येण्यापूर्वी करावा लागणारा. लाकडी मेढींनी तो कमी करता येतो, परंतु वाळवी आणि पावसाळी ओल त्यांचे आयुष्य लवकर संपवते, आणि घडांनी भरलेल्या बागेत एक मेढ मोडली तरी ताणलेली सारी जाळी ढिली पडते.

1960 नंतरच्या काळात बिनबियांचा थॉम्पसन सीडलेस हा वाण भोकरी, पंढरी साहेबी यांसारख्या जुन्या वाणांना मागे सारू लागला, तेव्हा मांडवाचा दोषही स्पष्ट झाला. महाराष्ट्रात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या आसपास होणाऱ्या खरड छाटणीतून काड्या तयार होतात, तर ऑक्टोबरच्या आसपास होणाऱ्या गोडी छाटणीतून फळ येते. पावसाळ्यात पिकणारी द्राक्षे आंबट राहतात व कुजतात, म्हणून तो बहार सोडून देण्याच्या अनुभवातून ही पद्धत घडली. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांच्या काळात काडीवरील डोळ्यांमध्ये पुढच्या घडाचा अतिसूक्ष्म आरंभ होतो. त्याला सूक्ष्मघडनिर्मिती म्हणतात. या दिवसांत डोळ्यावर पुरेसा उजेड पडला नाही, तर काडी वांझ राहते आणि ऑक्टोबरमध्ये कितीही खत-पाणी दिले तरी तिच्यावर घड येत नाही. द्राक्षाचे एक पान प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या उजेडापैकी दहाव्या हिश्शाहूनही कमी उजेड खाली जाऊ देते. म्हणजे एकाखाली एक असलेल्या पानांत तिसऱ्या पानाला जवळजवळ काहीच मिळत नाही. सपाट मांडवावर काड्यांची गर्दी झाली की नेमके हेच घडते, आणि हिरवागार, समृद्ध दिसणारा मांडव आतून नापीक होत जातो.

हाच प्रश्न अन्य देशांतही अभ्यासला जात होता. न्यूयॉर्क राज्यातील जिनेव्हा येथील संशोधन केंद्रात नेल्सन शॉलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये दाट वेलीचे छत दोन स्वतंत्र पडद्यांत विभागण्याची पद्धत मांडली आणि आतल्या डोळ्यांवर उजेड पडताच उत्पादन वाढते हे दाखवले. महाराष्ट्रात या विचाराने दोन वाटांनी प्रवेश केला. एक वाट छाटणीची होती: ठरावीक पानांवर शेंडा मारून, बगलफुटी काढून, प्रत्येक काडीला तारेवर स्वतंत्र जागा देणे. थॉम्पसनच्या काडीचे बुडाजवळचे डोळे बहुधा निष्फळ असतात, म्हणून सुमारे सातव्या पानावर शेंडा मारून तेथून फुटणारी उपकाडी वाढवण्याची ‘सबकेन’ पद्धत रूढ झाली. फुटव्याच्या या जागेजवळ फलदायी डोळे मिळण्याची शक्यता अधिक असते. दुसरी वाट रचनेची होती. एकाच खांबावर आडवा दांडा बसवलेली ‘टी’ पद्धत आणि वर उघडणाऱ्या दोन तिरप्या हातांची ‘वाय’ पद्धत यांत अखंड छत तुटते, दोन ओळींमध्ये आकाश मोकळे राहते, ओलांडा छातीच्या उंचीवर येतो आणि काड्या तिरप्या तारांवर शेजारी शेजारी बांधल्या जातात. पुण्याजवळ मांजरी येथे 1997 मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाल्यानंतर, वेलीच्या छताचे हे व्यवस्थापन संशोधनाचा नियमित विषय बनले.

या संपूर्ण काळात बागायतदार केवळ सल्ला ऐकणारा राहिला नाही. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनच्या बागेतून तास-ए-गणेश निवडला आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांचा सोनाका पुढे आणला. हजारो काड्यांतून एखादी वेगळी काडी ओळखणारी ही नजर आणि कोणती काडी ठेवावी, कोणती काढावी हे ठरवणारी नजर एकच होय. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्रांनी आणि शिवारफेऱ्यांनी ती गावोगाव पोहोचवली.

तिचे मोल 2010 मध्ये एका कठीण प्रसंगातून अधोरेखित झाले. वेलीचा जोम आवरण्यासाठी आणि सूक्ष्मघडनिर्मिती वाढवण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक दीर्घकाळ फवारले जात होते. त्या वर्षी युरोपीय बाजारात भारतीय द्राक्षांमध्ये त्याचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला. शेंडा वेळेवर मारणे, पाणी व नत्र मोजून देणे आणि काड्यांची गर्दी होऊ न देणे ही कामे रसायनाने पूर्णपणे भरून निघत नाहीत, हा धडा त्यातून मिळाला. 2009 च्या नोव्हेंबरमधील अवेळी पावसानेही तेच शिकवले होते: दाट छतात पाने उशिरा सुकतात, आणि पानांवर टिकून राहणारी ओल डाऊनी मिल्ड्यू या बुरशीला, म्हणजेच केवड्याला, आमंत्रण देते.

तारेचे हे तत्त्व द्राक्षाबाहेर पडल्यावर स्वस्त झाले, ही या इतिहासातील विशेष समाधानाची बाब आहे. कारली, दोडका, दुधी यांसाठी शेतकरी बांबू, बारीक तार आणि सुतळी यांवर हंगामी मांडव किंवा उभी ताटी उभारतात. फळ जमिनीला टेकत नाही, सरळ वाढते आणि तोडणी सोपी होते. टोमॅटोला बांबू, तार आणि सुतळी एवढ्यावर उभे केले जाते. हरितगृहात ढोबळी मिरचीच्या झाडावर मोजक्या फांद्या राखून प्रत्येक फांदी वरच्या तारेपासून सोडलेल्या दोरीवर चढवली जाते. कार्नेशनच्या वाफ्यावर नायलॉनची चौकटीदार जाळी अनेक थरांत आडवी ताणतात. रोपाचा शेंडा खुडल्यावर फुटणाऱ्या फांद्या या चौकटींतून सरळ वर येतात, आणि झाड वाढेल तसे वरचे थर उंच नेले जातात. बंद जागेत दिव्याच्या उजेडावर झाडे वाढवताना ही सपाट जाळी आणखी उपयोगी ठरते, कारण दिव्यापासूनचे अंतर वाढते तसा उजेड झपाट्याने घटतो, आणि सर्व शेंडे एका पातळीवर राखले तरच तो सर्वांना सारखा मिळतो.

आज द्राक्षबागेवर प्लास्टिक आच्छादनाचा विचार बळावला आहे. अवेळी पाऊस आणि गारपीट यांनी वारंवार पोळलेल्या बागायतदाराला ते हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खांब, तार, ठिबक आणि आता आच्छादन असा प्रत्येक थर लहान शेतकऱ्याच्या कर्जावर चढत जातो, आणि आच्छादन उजेडाचाही काही वाटा अडवते. म्हणून यापुढील संशोधनाने एकरी उत्पादनाच्या जोडीला रचनेच्या प्रत्येक रुपयामागे डोळ्यांवर किती उजेड पोहोचला याचाही हिशेब मांडणे आवश्यक आहे. पांगाऱ्यापासून वाय पद्धतीपर्यंतच्या प्रवासात महाग साहित्याने बाग टिकाऊ केली, तरी तिला फळती ठेवले ते योग्य दिवशी योग्य काडी निवडणाऱ्या कुशल हातांनी. ते कौशल्य जाणणाऱ्या बागमजुरांना आणि नव्या बागायतदारांना पद्धतशीर प्रशिक्षण देणे हा द्राक्षशेतीतील सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत दीर्घकाळ टिकणारा आधार ठरेल.