पोथीच्या अखेरच्या पानावरील चार संज्ञा

जुन्या पोथ्यांच्या याद्या करतांना अखेरच्या पानावर जें कांहीं आढळतें, त्या सर्वांस सरसकट ‘पुष्पिका’ म्हणण्याची चाल पडली आहे. वस्तुतः फलश्रुति, नाममुद्रा, पुष्पिका आणि लेखकाचा शेवट या चार निरनिराळ्या गोष्टी असून त्यांत बोलणाऱ्या व्यक्तीही निरनिराळ्या असूं शकतात.

ग्रंथाच्या श्रवणपठणापासून होणारा लाभ सांगते ती फलश्रुति. ती मागाहून जोडलेलीही असूं शकते. सबब केवळ तिच्यावरून काल ठरवूं नये. कवि पद्याच्या शेवटीं आपलें अगर गुरूचें नांव गुंफितो, ती नाममुद्रा. ती कर्तृत्वाची खूण खरी, परंतु निर्णायक पुरावा नव्हे. कारण थोर संतांच्या मुद्रा इतरांनींही आपल्या पदांस लाविल्या आहेत. ‘इति’ शब्दानें आरंभ होऊन ग्रंथाचें, कर्त्याचें व अध्यायाचें नांव देतें तें वाक्य म्हणजे पुष्पिका. त्यापुढें नक्कल करणारा शक, तिथि व गांव नमूद करून, जसें पाहिलें तसें उतरिलें, दोष नसावा, अशा आशयाची विनंति करितो. तो लेखकाचा शेवट. जुन्या भाषेंत ‘लेखक’ म्हणजे लिहून घेणारा वा नकलणारा, ग्रंथकर्ता नव्हे, हें विसरूं नये.

ज्ञानेश्वरीचें उदाहरण घ्यावें. तिच्या अखेरीस शके १२१२ (इ. स. १२९०) हा रचनेचा शक असून सच्चिदानंदबाबांचा निर्देश लेखक म्हणूनच आहे. एकनाथी परंपरेच्या पोथ्यांत पुढें पाठशुद्धीचा शके १५०६ (इ. स. १५८४), तारण संवत्सर, हा उल्लेख येतो. त्यावर नक्कलकाराचा शक निराळा. एका पानावर तीन शक, आणि तिन्ही खरे!

शकाची पडताळणीही करावी. दक्षिणेंतील गणनेप्रमाणें शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी प्रभवापासून संवत्सराचा क्रमांक दाखविते. १५०६ व १२ मिळून १५१८. बाकी १८, म्हणजे तारणच. मेळ न बसल्यास वाचनांत वा नकलेंत चूक संभवते. तथापि मेळ बसला म्हणजे प्रत त्याच वर्षाची, असें मात्र नव्हे. कारण पुष्कळ नक्कलकार समोरच्या पोथीचा शेवटही शकासह उतरून घेतात. तेथें अक्षराचें वळण व कागद पाहिलेच पाहिजेत.

तरुणपणीं एका आख्यानाच्या पोथीवरील नकलेचा शक आम्हीं रचनेचा समजून टिपून ठेविला होता. पुढें त्याच आख्यानाची पन्नासांहून अधिक वर्षें जुनी प्रत दृष्टीस पडली, तेव्हां चूक उमगली. पण तोंवर ती दुसऱ्यांच्या टिपणांतही उतरली होती. म्हणून संग्राहकांस विनंति, कीं अखेरचें पान सारांशानें न देतां अक्षरशः उतरावें, आणि प्रत्येक शकापुढें तो कोणाचा हें लिहावें.