एक हात मुलाचा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्याकडे घरोघर बांधाबांध सुरू होते. माझ्या लहानपणी तिला काही धरबंद नसे. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, फिरकीचा तांब्या, पापड-कुरडयांचा डबा, आणि आयत्या वेळी आठवलेल्या आणखी चार पिशव्या. एस.टी.च्या टपावर ट्रंक चढवायला हमाल असे, लहान भावंडाला मांडीवर घ्यायला शेजारच्या बाकावरची एखादी मावशी असे, आणि उतरवून घ्यायला मामा फाट्यावर येऊन उभे असत. सामान पुष्कळ होते खरे, पण ते उचलणारे हातही पुष्कळ होते.

आता काळ पालटला. २०१६ साली ‘उडान’ योजना जाहीर झाली आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये तिचे पहिले विमान सुटले. नांदेड, जळगाव, नाशिक, कोल्हापूर ही आपल्या ओळखीची नावे विमानांच्या वेळापत्रकात दिसू लागली. कुणाची मुलगी बंगळूरला नांदते, कुणाचा जावई लष्करात जम्मूला असतो, कुणाचा मुलगा हैदराबादेस नोकरीला आहे. नवराबायकोची रजा एका वेळी जुळतेच असे नाही. मग आई किंवा बाप एकटाच, काखेत दोनअडीच वर्षांचे मूल घेऊन, विमानतळाच्या दारात उभा राहतो. अशा प्रवासात सामानाचे काय करावे, एवढाच आजचा विषय. विषय लहान दिसतो, पण तो मला चांगलाच महागात शिकावा लागला. म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

आमच्या घरातून तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दिल्लीला जाणे झाले होते. सुट्टी लागताच मुलीला घेऊन मी तिकडे जायचे ठरले. चिमी तेव्हा अडीच वर्षांची. दोन वर्षे पुरी झालेल्या मुलाला विमानात स्वतःचे आसन घ्यावे लागते. त्याबरोबर सामानाचा स्वतंत्र वाटाही मिळाला. माझे १५ किलो आणि चिमीचे १५, असे ३० किलो! आई म्हणाली, “अरे, नेऊ देतात तर ने की. सुनेच्या तोंडी चार आंबे तरी लागतील.” झाले. एक मोठी बॅग, एक आंब्याची पेटी, एक चाकांची छोटी बॅग, एक खांद्यावरची पिशवी आणि एक बाबागाडी. नग पाच, माणूस एक.

जाताना काही जाणवले नाही. पुण्याला धाकटा भाऊ पोचवायला होता, त्याने सारे ढकलगाडीवर रचून दिले. खरी परीक्षा उतरल्यावर झाली. बाबागाडी विमानाच्या दाराशी मिळेल अशी माझी समजूत. ती सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर येणार होती. विमानापासून पट्ट्यापर्यंत चालणे लांबचे. चिमी झोपमोड झाल्याने कडेवरून उतरेना. पट्ट्यापाशी पोहोचलो तेव्हा दोन्ही खांदे भरून आले होते. मोठी बॅग समोर आली. ती एका हाताने उचलवेना, म्हणून चिमीला खाली ठेवले, “इथेच उभी राहा हं बाळ,” म्हणालो आणि दोन्ही हातांनी बॅग ओढली. मागे वळून पाहतो तो चिमी नाही!

अर्धे मिनिटसुद्धा झाले नसेल. दहाबारा पावलांवर, जिथे झडपेतून सामान बाहेर येते त्या कोपऱ्यात, ती पट्ट्याच्या कडेवर ओणवी झाली होती. कुणाच्या तरी बॅगेवर हत्तीचे चित्र होते, ते तिला धरायचे होते. एका वृद्ध बाईंनी तिचा फ्रॉक मागून घट्ट पकडला होता. त्या मला रागावल्या नाहीत. “पहले बच्ची, बाद में सामान,” एवढेच म्हणाल्या. आमची आंब्याची पेटी तोवर तिसरी फेरी घालीत होती.

श्रोतेहो, त्या दिवशी मला एक साधा हिशेब समजला. विमान कंपनी सामान किलोवर मोजते. आपण ते हातांवर मोजले पाहिजे. माणसाला हात दोन. लहान मूल बरोबर असले की त्यातला एक हात मुलाचा. तो सामानाच्या हिशेबात धरायचाच नाही. उरलेल्या एका हाताने आणि पाठीवर जे नेता येईल, तेवढेच आपले सामान. कंपनीची परवानगी ३० किलोंची असेल. आपली ऐपत किती, ते आपणच ठरवायचे.

ऐपत ठरवण्याची एक सोपी तालीम आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे सामान बांधावे. पाठीवर घ्यायचे ते पाठीवर, ओढायचे ते हातात, आणि मूल दुसऱ्या हाताशी. अशा थाटात अंगणात तीन फेऱ्या माराव्या, आणि एक जिना चढून उतरावा. पुष्कळ विमानतळांवर विमानात शिडीनेच चढावे लागते. तिसऱ्या फेरीला दम लागला, किंवा मुलाचा हात सोडावा लागला, तर एक नग कमी करावा. घरातली मंडळी हसतील. हसू द्यावे.

आता सामानाची वाटणी कशी करावी ते पाहू. त्याचे तीन भाग करावेत.

पहिला भाग विमानाच्या पोटात जाणारा. देशातल्या बहुतेक कंपन्या साध्या तिकिटावर १५ किलोपर्यंत हे सामान नेऊ देतात. दोन वर्षांखालचे मूल मांडीवर बसून जाते. त्याचा सामानाचा वाटा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तो तिकीट काढतानाच विचारून घ्यावा. कपडे, भेटवस्तू, जे प्रवासात लागणार नाही ते सारे यात घालावे. पण शक्यतो नग एकच करावा, आणि त्याला चाके असावीत. दोन लहान बॅगांपेक्षा एक मध्यम बॅग बरी, कारण ओढायला एकच हात आहे. तिच्या मुठीला लाल चिंधी किंवा जाड रंगीत दोरा बांधावा. पट्ट्यावर सगळ्या काळ्या बॅगा बहिणीबहिणींसारख्या दिसतात.

दुसरा भाग हातातल्या बॅगेचा. तिची मर्यादा साधारणपणे ७ किलो. मुलाचे दोन कपडे, आपला स्वतःचा एक सदरा किंवा साडी (मूल ओकले तर ते आपल्याच अंगावर ओकते, हे विसरू नये), एक दुपटे, औषधे आणि कागदपत्रे यात ठेवावीत. मोबाइल भरण्याची बॅटरी, म्हणजे पॉवर बँक, हातातल्या सामानातच न्यावी लागते. पोटातल्या सामानात ती चालत नाही, कारण अशा बॅटऱ्या कधी कधी तापून पेट घेतात. कधी विमान भरलेले असले की दारात हातातली बॅगही मागून घेतात आणि खाली ठेवतात. अशा वेळी पॉवर बँक, औषध आणि कागद आधी काढून घ्यावेत. म्हणून ही तिन्ही एकाच छोट्या पिशवीत घालून वरच ठेवलेली बरी.

तिसरा भाग सर्वांत लहान आणि सर्वांत मोलाचा, खांद्यावरची पिशवी. ही आसनावर बसल्यावर पायाशी, पुढच्या आसनाखाली ठेवायची. विमान वर चढताना आणि उतरताना पट्टा बांधून बसावे लागते, उठून वरचा कप्पा उघडता येत नाही. आणि मुलाला भूक नेमकी तेव्हाच लागते. दोनतीन लंगोट किंवा डायपर, ओला रुमाल, पाण्याची बाटली किंवा दुधाची बाटली, राजगिऱ्याचा लाडू, मऊ पोळीचा तुकडा, आणि एखादे आवाज न करणारे खेळणे, एवढेच त्यात असावे. विमान खाली उतरू लागले की हवेचा दाब बदलतो आणि मुलाचे कान दुखतात. घोट गिळल्याने कानातली वाट मोकळी होते. तेव्हा दूध-पाणी त्या वेळेसाठी राखून ठेवावे, चढतानाच संपवू नये.

काय नेऊ नये, तेही सांगायला हवे, कारण आपल्या गाठोड्यात हमखास असणाऱ्या काही वस्तू विमानाला चालत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या त्यांतल्याच. खोबऱ्यात तेल फार. ते साठ्यात आपोआप तापू शकते, म्हणून पोटातल्या सामानात ते ठेवू देत नाहीत. काडेपेटी बॅगेत घालू नये. चाकू, सुरी, कात्री हातातल्या सामानात नको. लोणचे, तूप, काकवी यांच्याविषयी आधी कंपनीला विचारावे. नाहीतर आईने प्रेमाने भरलेली बरणी दारातच सोडून द्यावी लागते, आणि घरी जाऊन ते सांगायचे कोणत्या तोंडाने?

बाळाचे दूध, पाणी, पेज प्रवासापुरते नेऊ देतात. तपासणीच्या वेळी ते पिशवीतून काढून वेगळे दाखवावे. परदेशी जाणाऱ्या विमानात पातळ पदार्थांना एका बाटलीस १०० मिलिलिटरची मर्यादा आहे, पण बाळाच्या वाटेपुरत्या अन्नाला त्यातून सूट असते. तपासणीत मुलाला बाबागाडीतून काढावे लागते आणि गाडी मिटून यंत्रातून घालावी लागते. म्हणून एका हाताने मिटणारी बाबागाडी असेल तरच न्यावी. एरवी मुलाला पोटाशी बांधण्याची झोळी अधिक सोयीची. तिने दोन्ही हात मोकळे राहतात. गाडी नेलीच, तर ती देताना एक प्रश्न न विसरता विचारावा : “ही परत कुठे मिळेल? विमानाच्या दाराशी की पट्ट्यावर?” तो मी विचारला नव्हता.

वेळेचेही तसेच. देशातल्या विमानाला दोन तास आधी पोहोचावे. सामान देण्याची खिडकी बहुधा विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद होते. मूल बरोबर असले की अर्धा तास आणखी धरावा. सामान देतानाच “मी एकटा आहे, बरोबर लहान मूल आहे,” असे स्पष्ट सांगावे. पुष्कळ ठिकाणी लहान मुले असलेल्यांना आधी चढू देतात, हात देणारे कर्मचारीही मिळतात. पण न सांगता कुणाला कळणार? मदत मागण्यात कमीपणा नाही. एस.टी.त आपण शेजारणीला मूल धरायला सांगतच होतो की!

आणि शेवटी तो पट्टा. उतरल्यावर घाई करू नये. आधी एक ढकलगाडी घ्यावी, ती पट्ट्यापासून चार पावले मागे उभी करावी, आणि मुलाला झोळीत किंवा बाबागाडीत पट्टा बांधून बसवावे. बॅग पहिल्या फेरीला हुकली तर हुकू द्यावी. ती पुन्हा फिरून येते. फारच जड असेल तर शेजारच्या माणसाला उचलायला सांगावे. बॅग आलीच नाही, किंवा फुटून आली, तर त्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वीच कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत घ्यावी. सामान देताना मिळालेली चिठ्ठी त्यासाठीच जपून ठेवायची असते.

येथे शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात कुणी पहिल्यांदा विमानाने निघाले की, “गुरुजी, जरा तिकीट वाचून दाखवा,” असे म्हणत ते तुमच्याकडेच येते. तेव्हा तारीख आणि वेळ सांगून थांबू नका. मुलाचे वय विचारा. जाताना दोन वर्षांखाली असलेले मूल परतीच्या तारखेपर्यंत दोन वर्षांचे होणार असेल, तर परतीला त्याचे आसन घ्यावे लागेल, हे सांगा. जन्मदाखला किंवा आधार बरोबर घेतला का, ते विचारा. आणि सामान किती आहे असे विचारू नका. हात किती आहेत, असे विचारा.

परतीच्या प्रवासाला आम्ही पुन्हा दोघेच होतो, मी आणि चिमी. एक चाकांची बॅग खाली दिली, पाठीवर एक पिशवी घेतली. बाबागाडी हिच्याकडे ठेवून आलो, हिच्या सामानातून ती पुढे आली. पुण्याला पट्ट्यापाशी उभे राहिलो तेव्हा चिमीचा हात माझ्या हातात होता. बॅग आली, समोरून गेली. चिमी ओरडली, “बाबा, गेली!” मी म्हटले, “जाऊ दे बाळ, येईल परत.” आणि खरेच, ती आली.