ठिणगी कोठें हरवली?

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं आमच्या गल्लींतील वीज गेली. माझ्या मातोश्री ८८ वर्षांच्या आहेत. हवेंतून प्राणवायु वेगळा काढून देणारें यंत्र त्यांच्या उशाशीं असतें व तें विजेवर चालतें. अशा प्रसंगासाठीं पेट्रोलवर चालणारा लहान जनरेटर आम्हीं अंगणांत, घरापासून दूर, छपराखालीं ठेविला आहे. कारण त्याचा धूर घरांत शिरणें प्राणघातक असतें. त्या रात्रीं त्याची दोरी ओढून माझे हात भरून आले, पण इंजिनानें दाद दिली नाहीं. शेजाऱ्यांनीं आणून दिलेल्या प्राणवायूच्या टाकीवर रात्र निभावली. सकाळीं मिस्त्री आला. त्यानें प्लग बदलला, मग कॉइल बदलली. तरी ठिणगी पडेना. दोष सांपडला तो निराळ्याच ठिकाणीं. तो कोणता, हें कळण्यासाठीं आधीं ठिणगीची वाट पाहूं.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण, दट्ट्याचा दाब आणि ऐन क्षणीं पडणारी ठिणगी. लहान इंजिनांत ठिणगीसाठीं बहुधा बॅटरी नसते. फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलेलें विद्युत्प्रवर्तनाचें तत्त्वच तेथें उपयोगी पडतें. फिरत्या चक्रांतील लोहचुंबक कॉइलजवळून गेला म्हणजे जाड तारेच्या वेढ्यांत प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह एकदम तोडला, कीं बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत दहा हजार व्होल्टांहून अधिक दाब उसळतो आणि प्लगच्या फटींतून ठिणगी उडी घेते. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यांनीं १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व प्लग यांची जोडी सिद्ध केली. पूर्वीं प्रवाह तोडण्याचें काम ‘पॉइंट’ करीत. आतां तें बहुतेक इलेक्ट्रॉनिक मंडल करतें. मूळ तत्त्व तेंच आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इंजिन बंद करण्याचें बटण ही वीज तोडीत नाहीं. तें जाड तारेचें टोंक इंजिनाच्या धातूला जोडून देतें व ठिणगी उत्पन्नच होत नाहीं. म्हणून बटणाच्या तारेचें आवरण झिजून ती धातूला टेकली, तर बटण चालू असूनहि इंजिन मुकेंच राहतें.

परीक्षा नेहमीं स्वस्त भागापासून करावी. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून पहावा. टोंक फिकट तपकिरी असल्यास प्रकृति ठीक समजावी. कोरडी काजळी असल्यास हवेची गाळणी तुंबली असावी; तेलकट काळेपणा असल्यास आंत तेल शिरत असावें. फट बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. तथापि पुस्तिकेंतील आंकडाच प्रमाण मानावा.

पाहून झाल्यावर तो प्लग पुन्हां जागेवर घट्ट बसवावा, म्हणजे सिलिंडरांतील पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाहीं. पेट्रोलचा कॉक बंद करून सांडलेलें पेट्रोल पुसावें. मग वरच्या टोपींत दुसरा चांगला प्लग खोंचावा. रबरी मुठीच्या पकडीनें धरून त्याचा आंट्यांचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा, बटण चालू करावें व दोरी ओढावी. निळसर, चटचटणारी ठिणगी पडल्यास दोष जुन्या प्लगांत किंवा पेट्रोलांत शोधावा. पिवळट, अशक्त ठिणगीवर विसंबूं नये. सिलिंडरांतील दाबलेल्या हवेंत तिला उडी घेणें अधिकच कठीण जातें. टोपी अधांतरीं ठेवून दोरी कधींहि ओढूं नये; वाट न मिळालेली वीज कॉइलचेंच आवरण फोडूं शकते. ज्यांना पेसमेकर बसविला आहे, त्यांनीं या परीक्षेपासून दूर राहावें.

ठिणगी मुळींच न पडल्यास कॉइलपासून बटणाकडे जाणारी तार तेवढ्यापुरती सोडवावी व पुन्हां पहावें. आतां पडली तर दोष तारेंत किंवा तिला जोडलेल्या उपकरणांत आहे. तरीहि न पडल्यासच कॉइलकडे वळावें.

आमच्या मिस्त्र्यानें ही तार सर्वांच्या शेवटीं सोडविली, आणि ठिणगी तत्काळ पडली! त्याच तारेवर आणखी एक पहारेकरी होता. इंजिनांतील तेल ठराविक पातळीखालीं गेलें, म्हणजे तो ठिणगी बंद पाडतो. तेल चार महिने मींच पाहिलें नव्हतें. बिचाऱ्या कॉइलच्या वांट्यास मात्र ‘चोर सोडून संन्याशाला सुळीं’ हा न्याय आला. तेल भरलें, तार पुन्हां जोडली आणि इंजिन दुसऱ्या ओढीस सुरू झालें. कित्येक लोक ही तार कायमची तोडून ठेवितात. तसें करूं नये. त्या पहारेकऱ्यानें इंजिन जळून जाण्यापासून वांचविलें होतें.

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मी जनरेटर सपाट जागीं आहे ना हें पाहून तेल तपासतों, गाळणी झटकतों व दहा-पंधरा मिनिटें तो चालवितों. आवाज ऐकून मातोश्री आंतून विचारतात, “वीज गेली का रे?” मी सांगतों, “नाहीं आई, जायच्या आधीं पाहून ठेवतों आहें.”