राज्यसभेचं गणित आणि राज्याचा हक्क

१० जून २०२२ च्या रात्री मुंबईच्या विधान भवनात राज्यसभेच्या सहा जागांची मतमोजणी अडून बसली होती. काही आमदारांनी आपली मतपत्रिका भलत्यालाच दाखवल्याच्या तक्रारी निवडणूक आयोगाकडे गेल्या होत्या. एक मत बाद झालं, २८४ वैध ठरली आणि निकाल हाती येईपर्यंत ११ तारीख लागली. शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. निवडून आले महाडिक.

त्यानंतर घोडेबाजाराची चर्चा पुष्कळ झाली. पण ज्या पद्धतीमुळे हा निकाल लागला, तिच्याविषयी फारसं कोणी बोललं नाही. ती समजून घेण्याजोगी आहे.

राज्यसभेसाठी मत देताना आमदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. मोजताना प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात. एकूण मूल्याला, जागा जितक्या असतील त्याहून एकाने मोठ्या संख्येने भागायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा. त्या रात्री २८,४०० ला ७ ने भागून, एक मिळवून, ४,०५८ चा कोटा ठरला. भाजपच्या पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं, म्हणजे ४,८०० मूल्य मिळालं होतं. कोट्याच्या वर उरलेले ७४२ वाया जात नाहीत, त्याच मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीला मिळतात. दोघांची शिल्लक १,४८४ होते. महाडिकांच्या २,७०० मध्ये ती मिळवली तर ४,१८४ पर्यंत पोचता येतं. समोरच्या बाजूला, शिवसेना आणि तिच्या मित्रपक्षांकडे, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३ आणि संजय राऊत ४१. तिघांची शिल्लक मिळून ६२६. ती सगळीच्या सगळी पवारांच्या पदरात पडली असती तरी त्यांचे ३,९२६ च झाले असते. भाजपने आपल्या दोघांच्या नावावर जादा मतं ठेवली आणि दुसऱ्या पसंतीने ती तिसऱ्याकडे वळवली. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यांनी ही जागा जिंकली.

ही पद्धत मला मनापासून आवडते. साध्या बहुमताने मतदान झालं असतं तर विधानसभेत १४५ आमदार बाळगणारी बाजू सहाही जागा घेऊन गेली असती. इथे मात्र सातव्या हिश्श्याहून थोडी अधिक मतं असली की एक जागा हक्काची. लोकसभेच्या ५४३ मतदारसंघांत पहिला आलेला सगळं नेतो, हरलेल्यांची मतं तिथेच संपतात. एकाच संसदेची दोन सभागृहं अशी वेगवेगळ्या न्यायाने भरतात, आणि ते योग्यच आहे.

घटनेने राज्यसभेला २५० सदस्यांची मर्यादा घातली आहे. सध्या जागा २४५ आहेत: २३३ निवडून येणारे, १२ राष्ट्रपतिनियुक्त. उत्तर प्रदेशाच्या ३१, महाराष्ट्राच्या १९, गोव्याची एक. सदस्याची मुदत सहा वर्षं, आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. सभागृह कधी विसर्जित होत नाही. त्यामुळे लोकसभेत दणदणीत बहुमत मिळवून आलेल्या सरकारला इथे मागच्या निवडणुकांतले विरोधक भेटतात, आणि त्यांना पटवावं लागतं. अर्थविधेयक राज्यसभा १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही, सरकारही पाडू शकत नाही. मतभेद मिटला नाही तर संयुक्त बैठकीची सोय आहे. पण त्या मार्गाने विधेयकं संमत झाली ती तीनदाच: १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये. एक अधिकार मात्र एकट्या राज्यसभेचा. राज्यसूचीतल्या विषयावर संसदेने कायदा करावा असं ठरवायचं, तर तिचा दोन तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. राज्यांच्या दाराची किल्ली तिच्याकडे दिली आहे ती अशी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेची निवडणूक हरले. त्याच वर्षी मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर गेले आणि अखेरपर्यंत तिथे राहिले. लोकसभेच्या मतपेटीने ज्यांना नाकारलं त्यांना संसदेत आणणारं हे सभागृह नसतं, तर घटनेचा मसुदा करणारा माणूस संसदेबाहेरच राहिला असता. निवडणूक न लढवणाऱ्यांनाही इथे वाट मिळते: नियुक्त सदस्यांत विद्वान महामहोपाध्याय पां. वा. काणे होते, नाटककार मामा वरेरकर होते.

याच सभागृहाचं एक मोठं नुकसान २००३ मध्ये झालं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. पहिली, मतदान खुलं झालं. आमदाराला आता आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. पैशाच्या व्यवहाराला आळा बसावा, हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. दुसरी गोष्ट मात्र मान्य नाही: उमेदवार त्या राज्याचा मतदार असलाच पाहिजे ही अट गेली. आता देशात कुठेही मतदार असला तरी चालतं. पत्रकार कुलदीप नय्यर या दुरुस्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६ मध्ये न्यायालयाने दोन्ही बदल वैध ठरवले.

अट होती तेव्हाही पळवाटा होत्या. दुसऱ्या राज्याच्या मतदारयादीत नाव घालून नेते निवडून येत, हे खरं. पण तेवढं नाव घालण्यासाठी तरी त्या राज्याशी काही नातं दाखवावं लागे. २०२२ च्या त्याच सहा जणांत उत्तर प्रदेशातले प्रतापगढी महाराष्ट्राच्या जागेवर निवडून आले. त्यांच्या योग्यतेविषयी मला काही म्हणायचं नाही. पण आपल्या १९ जागा पक्षश्रेष्ठींनी देशभरातल्या माणसांची सोय लावण्यासाठी वापरायच्या, तर कोकणातल्या बंदराविषयी किंवा विदर्भातल्या कापसाविषयी राज्याच्या वतीने दिल्लीत भांडायचं कोणी? प्रत्येक पक्षाने हे केलं आहे, म्हणून कोणताच पक्ष ही अट परत आणायचं नाव काढत नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती लागणार नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३ मध्ये ‘भारतातील’ मतदारसंघाऐवजी पुन्हा ‘त्या राज्यातील’ मतदारसंघ एवढा बदल साध्या बहुमताने करता येतो, आणि महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा सदस्यांपैकी मंत्री नसलेला कोणीही खासगी विधेयक म्हणून तो मांडू शकतो.