वारंवार येणारे फोड आणि रोजची गोळी

वर्षावासात रविवारी ग्रंथवाचन आटोपले की विहाराच्या हॉलमध्ये अर्धा तास आरोग्यावर बोलणे असते. चारचौघांत विचारायची लाज वाटते, म्हणून दाराशी एक पुठ्ठ्याचा डबा ठेवलेला असतो. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. यंदा त्यात एक चिठ्ठी निघाली : "मला लघवीच्या जागी बारीक फोड येतात. आग होते. आठ दिवसांत जातात, दीड-दोन महिन्यांनी परत येतात. तीन वर्षं झाली. डॉक्टरांनी हर्पिस सांगितलं. मालक म्हणतात, कुठून आणलंस? आता डॉक्टर म्हणतात वर्षभर रोज गोळी खा. एवढ्या गोळ्यांनी किडनी जाईल ना? मी काही वाईट केलेलं नाही."

शेवटच्या वाक्यात प्रश्न नाही, पण उत्तराला तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

हर्पिस म्हटले की आपल्याकडे पुष्कळांना नागीण आठवते. नागीण याच घराण्यातल्या दुसऱ्या विषाणूमुळे होते; ती बहुतेकदा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. गुप्तांगावरचा हर्पिस वेगळा. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराच्या विषाणूने बहुतेक वेळा ओठावर फोड येतात, ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला उठतात तेच. दुसऱ्या प्रकाराचा विषाणू मुख्यतः गुप्तांगावर असतो आणि तोच वारंवार त्रास देतो. ओठावरचा विषाणू मुखमैथुनातून गुप्तांगावर जाऊ शकतो, पण तिथे तो सहसा फार वेळा उलटत नाही.

हा विषाणू एकदा शरीरात शिरला की कमरेखाली, मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत जाऊन झोपतो. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गप्प असतो. ताप आला, जागरण झाले, अंगमेहनत जास्त पडली, पाळी जवळ आली की काहींच्या अंगात तो जागा होतो आणि नसेच्या वाटेने पुन्हा कातडीवर येतो. फोड येण्याआधी एक-दोन दिवस त्या जागी मुंग्या येतात, चुरचुरते, कधी मांडीत कळ मारते. पुष्कळांना लागण झाल्याचे कळतसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात १५ ते ४९ वयाच्या पाच माणसांपैकी एकाहून अधिक जणांना गुप्तांगाच्या हर्पिसची लागण आहे. त्यातल्या बहुतेकांना फोड आलेच नाहीत, किंवा आले ते इतके किरकोळ होते की घामोळे समजून सोडून दिले.

यावरून मालकांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. फोड आज दिसले म्हणून लागण आजची असते असे नाही. ती लग्नाआधीची असू शकते, दहा वर्षांपूर्वीची असू शकते, नवऱ्याकडूनच आलेली असू शकते, आणि नवऱ्याला आयुष्यात एकही फोड आला नसला तरी हे शक्य आहे. कोणी कोणाला दिला हे बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत डॉक्टरही सांगू शकत नाहीत. तरीही आपल्या वस्तीत संशय आधी बाईवर जातो. मला काही घरांत पंचशीलातल्या तिसऱ्या शीलाचा दाखला देऊन बायकोला गप्प केलेले माहीत आहे. शील हे स्वतःच्या आचरणासाठी घ्यायचे असते. बायकोची उलटतपासणी घ्यायला नव्हे. कातडीवरचा फोड हा विषाणूचा पुरावा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

असे प्रश्न उघड बोलू नयेत असे म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, म्हणजे आपल्या डब्यातल्या चिठ्ठ्यांसारख्याच पत्रांना, सरळ उत्तरे छापत. त्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती बाबासाहेबांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण असा विषय अज्ञानावर सोडायचा नसतो, ही बाबासाहेबांची बाजू त्यातून स्पष्ट झालीच.

आता गोळीकडे वळू.

हर्पिस शरीरातून कायमचा घालवणारे औषध अजून नाही, लसही नाही. 'मुळासकट बरा करतो' अशी रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंतींवर जाहिरात करणारा गुप्तरोगवाला हर्पिसबाबत हमखास खोटे बोलत असतो. तो पैसे घेतो, फोड आठवड्यात आपोआप जातात, आणि श्रेय त्याला मिळते. पुढच्या खेपेला पुन्हा पैसे. औषधाने जे होऊ शकते ते निराळे आहे आणि कमी मोलाचे नाही. झोपलेला विषाणू उठला तरी त्याची वाढ होऊ द्यायची नाही, हे गोळी करते.

मुख्य औषध ॲसायक्लोव्हिर. ते शोधणाऱ्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेच्या कामात गरट्रूड एलियन ही शास्त्रज्ञ अग्रभागी होती. बाई म्हणून तिला तरुणपणी संशोधनाची शिष्यवृत्ती नाकारली गेली, नियमित पीएचडी तिला कधीच करता आली नाही, आणि १९८८ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाची युक्ती अशी : विषाणूला वाढायचे म्हणजे स्वतःच्या साखळीत एकेक कडी जोडत जावे लागते. ही गोळी खोटी कडी पुरवते. ती जोडली गेली की पुढची कडी लागतच नाही, साखळी तिथेच तुटते. शिवाय विषाणू असलेल्या पेशीत शिरल्यावरच हे औषध खऱ्या अर्थाने कामाला लागते. निरोगी पेशींना त्याचा फारसा उपद्रव होत नाही. म्हणून ते इतकी वर्षे टिकले.

ते दोन प्रकारे घेतात. एक, फोड येतील तेव्हा काही दिवस. मुंग्या सुरू होताच किंवा फोड दिसल्याच्या पहिल्या दिवसात गोळी सुरू झाली तरच याचा उपयोग होतो. चौथ्या दिवशी दवाखान्यात जाऊन घेतलेल्या गोळीने फारसे साधत नाही. म्हणून अशा रुग्णाने डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच घेऊन गोळ्या घरात ठेवाव्यात. दुसरा प्रकार चिठ्ठीतल्या ताईंना सांगितला तो : फोड असोत वा नसोत, रोज. सर्वसाधारण मोठ्या माणसाला ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, म्हणजे महिन्याला साठ गोळ्या. व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून एकदाच घ्यावी लागते, ५०० मिलिग्रॅम किंवा १ ग्रॅम. ती सोयीची पण महाग पडते. ज्यांना वारंवार फोड येतात त्यांच्यात रोजच्या गोळीने फोड येण्याचे प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी कमी होते. काहींना वर्षभरात एकदाही येत नाहीत. कोणाला मधेच एखादा फोड आला तर औषध फुकट गेले असे समजून बंद करू नये.

वर्षात सहा किंवा जास्त वेळा त्रास होणाऱ्यांना हे उपचार पूर्वीपासून देत आले आहेत. पण आकड्यावर अडून राहू नये असे माझे मत आहे. वर्षात चारच वेळा फोड येतात, पण प्रत्येक खेपेला धुणीभांड्याची चार घरे सुटतात, पगार कापला जातो, घरात भांडण होते. अशा बाईलाही रोजची गोळी मागण्याचा हक्क आहे. डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे.

किडनीचे काय? ॲसायक्लोव्हिर सलग सहा वर्षांहून अधिक काळ घेतलेल्या लोकांची माहिती उपलब्ध आहे, आणि निरोगी माणसात या डोसने किडनी बिघडते असे आढळलेले नाही. दर महिन्याला रक्त तपासायचीही गरज नसते. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे, डायलिसिस चालू आहे, वय फार आहे किंवा गुडघेदुखी-कंबरदुखीवर जे रोज पेनकिलर खातात, त्यांनी मात्र हे डॉक्टरांना आधी सांगावे. त्यांचा डोस कमी करावा लागतो. पाणी भरपूर प्यावे. काहींना सुरुवातीला डोके दुखते, मळमळते. गोळी उपाशीपोटी घेतली काय, जेवून घेतली काय, फरक पडत नाही. सकाळची विसरली तर आठवण होताच घ्यावी. रात्री दोन एकदम घेऊ नयेत.

आणि ही गोळी जन्मभराची नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांशी बोलून ती थांबवून पाहता येते, कारण बहुतेकांत वर्षे जातील तसे फोड आपणहून कमी होत जातात. थांबवल्यावर लगेच एखादी खेप येऊ शकते. तेवढ्यावरून घाबरू नये. पुढचे काही महिने पाहून गोळी हवी की नको ते ठरवावे.

जोडीदाराला लागण होऊ नये म्हणूनही रोजच्या गोळीचा उपयोग आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दीड हजार जोडप्यांच्या अभ्यासात, एका जोडीदाराला हर्पिस आणि दुसऱ्याला नाही अशा घरांत रोज व्हॅलासायक्लोव्हिर दिल्यावर लागण जवळजवळ निम्म्याने कमी झाली. निम्म्याने, पूर्ण नाही. कातडी स्वच्छ दिसत असतानाही विषाणू अधूनमधून बाहेर पडतो, म्हणून निरोध वापरावा. मुंग्या सुरू झाल्यापासून खपली पडून कातडी पूर्ण भरेपर्यंत संबंध ठेवू नये, आणि त्या दिवसांत बायकोने नको म्हटले तर ते नकोच.

वस्तीतल्या सार्वजनिक संडासातून हर्पिस येतो का, हा दुसऱ्या एका चिठ्ठीतला प्रश्न. येत नाही. नळावरच्या रांगेतून, एका ताटात जेवल्याने, एका मोरीत आंघोळ केल्याने गुप्तांगाचा हर्पिस येत नाही. हर्पिस असलेल्या बाईचे कपडे वेगळे धुवायला लावणाऱ्या सासूबाईंना हे जरूर सांगावे.

मेडिकलमधून आणलेल्या खाजेच्या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टिरॉइड असते. ती हर्पिसच्या फोडांवर लावू नये, त्रास वाढतो. ॲसायक्लोव्हिरच्या मलमाचाही इथे फारसा उपयोग नाही; काम गोळी करते. लॅबवाले 'टॉर्च' नावाची तपासणी गळ्यात मारतात, त्यातल्या हर्पिसच्या आयजीएम रिपोर्टवर काही ठरवता येत नाही. ताज्या फोडातले पाणी तपासणे हाच खात्रीचा मार्ग, म्हणून फोड असतानाच दवाखान्यात जावे, बरे वाटल्यावर नव्हे. त्याच वेळी एचआयव्ही आणि सिफिलिसची, म्हणजे आपल्याकडे जिला गरमी म्हणतात तिची, रक्ततपासणी करून घ्यावी. हर्पिस असताना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, आणि रोजच्या हर्पिसच्या गोळीने तो कमी होत नाही. ज्यांना एचआयव्ही आहे त्यांनाही ही गोळी चालते, डोस कधी जास्त लागतो.

मूल होऊ द्यायचे असेल तर हर्पिस आड येत नाही. ज्या बाईला गरोदरपणाच्या आधीपासून फोड येतात तिच्या बाळाला लागण होण्याचा धोका फारच कमी असतो, कारण आईची प्रतिकारशक्ती बाळापर्यंत पोचलेली असते. तरी नाव नोंदवतानाच नर्सला सांगावे. ३६व्या आठवड्यापासून ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी फोड नसतील. कळा सुरू होताना फोड किंवा मुंग्या असतील तर सिझेरियन करतात. खरी भीती शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर. म्हणून नवऱ्याला हर्पिस आहे आणि बायको गरोदर आहे, अशा घरात ते तीन महिने संबंध टाळलेलेच बरे. मुखमैथुनही टाळावे.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असते. तिथे लैंगिक आजारांची तपासणी आणि औषध मोफत आहे. फोड आलेल्या खेपेपुरती गोळ्यांची किट तिथे मिळते. ती काही दिवसांचीच असते, म्हणून 'मला वारंवार होतंय, रोजची गोळी हवी' असे आपणहून सांगावे लागते. पुढच्या गोळ्या बाहेरून घ्याव्या लागल्या तर जेनेरिक नावाने लिहून मागाव्यात आणि जनऔषधी केंद्रात आधी विचारावे. ॲसायक्लोव्हिर राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. जाण्याआधी नाव न सांगता काही विचारायचे असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत लागतो.

चिठ्ठीवाल्या ताईंनी क्लिनिकमध्ये जाताना मालकांना सोबत न्यावे, ते येणार नसतील तर एकटीने जावे. गेल्या वर्षी फोड कोणत्या तारखांना आले ते आठवून कॅलेंडरच्या मागे लिहून न्यावे. डॉक्टरांचा निम्मा प्रश्न त्यातच सुटतो.